सात वाजताचं मीठ

मी ज्या शहरात काम करते ते इंग्लंडच्या उत्तरेला आहे, टेकड्यांवर वसलेलं. त्याचं नाव इथे लिहिणार नाही, कारण ते काम मी अजून करते. नोव्हेंबर ते मार्च, दर चौथ्या आठवड्याला, शहराच्या रस्त्यांवर मीठ टाकायचं की नाही आणि टाकायचं तर किती वाजता, हे मी ठरवते. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या महापालिकेत, याला विंटर ड्यूटी म्हणतात. मला हे काम मिळाल्याचं बाबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मीठ? रस्त्यावर? काऊन?"

खरं तर त्यांना समजावणं सोपं होतं, कारण रस्ता त्यांना कळतो. नागपूरच्या पूर्वेकडच्या रस्त्यांवर ते पीडब्ल्यूडीच्या गँगमध्ये होते. गँग म्हणजे खड्डे बुजवणारी, डांबर टाकणारी मजुरांची टोळी. मे महिन्याच्या उन्हात उकळतं डांबर ओतायचं, त्यावर बारीक गिट्टी फावड्याने फेकायची, असं त्यांनी निवृत्त होईपर्यंत केलं. मी सिव्हिल इंजिनियर झाले ती त्यांच्या हट्टाने. रस्त्याचा नकाशा आपल्या घरातलं कोणीतरी काढलं पाहिजे, असं ते म्हणायचे.

मी त्यांना सांगितलं की नुसतं पाणी शून्याला गोठतं, मिठाचं पाणी त्याच्याही खाली जाईपर्यंत गोठत नाही. म्हणून बर्फ धरायच्या आधी रस्त्यावर जाडं, तपकिरी मीठ पसरायचं. पण ते फार आधी टाकलं आणि वरून पाऊस आला तर मीठ गटारात वाहून जातं. उशिरा टाकलं तर खाली बर्फाचा थर धरलेला असतो आणि त्यावर ते फारसं काम करत नाही. सगळं त्या मधल्या तीन-चार तासांवर असतं. शिवाय मीठ सगळीकडे पुरत नाही. बसचे रस्ते, हॉस्पिटलचे रस्ते, फायर ब्रिगेडचे रस्ते, एवढ्यांवर लॉऱ्या फिरतात. बाकीच्या गल्ल्यांच्या कोपऱ्यावर पिवळ्या पेट्या ठेवलेल्या असतात, त्यात मीठ असतं. ते लोकांनी फावड्याने आपापल्या दारासमोर टाकायचं.

"मंग बरोबर आहे," बाबा म्हणाले. एवढंच.

ही गोष्ट माझ्या ड्यूटीच्या पहिल्या वर्षातली. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं, आणि बाबा एकटे राहतात म्हणून आम्ही त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर बोलावून घेतलं होतं. ते ऑक्टोबरात आले. नवऱ्याचं एक जाड जाकीट त्यांना दिलं, ते त्यांच्या गुडघ्यांपर्यंत येत होतं. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याचं ऑफिस खाली दक्षिणेत, लंडनजवळच्या मेडनहेडला. आठवड्यातले दोन दिवस तो तिकडे जातो, बाकीचे दिवस घरून काम करतो.

ज्या आठवड्यात माझी ड्यूटी असते त्या आठवड्यात सकाळी अकरापासून मी पुन्हा पुन्हा हवामानाचं पान उघडते. साडेबाराला हवामानाचा अंदाज येतो. हवेचं तापमान, रस्त्याच्या पृष्ठभागाचं तापमान, पाऊस कधी थांबेल, आकाश कधी मोकळं होईल. दोनच्या आत मला फॉर्ममध्ये निर्णय भरावा लागतो. तो भरला की त्याखाली माझं नाव आणि वेळ आपोआप येते, आणि ते मग कधीच पुसलं जात नाही.

ज्या दिवसाबद्दल सांगते आहे त्याच्या आदल्या आठवड्यातही ड्यूटी माझ्याकडेच होती, कारण ज्याची पाळी होती तो सहकारी आजारी होता. त्या आठवड्यात मी एकदा दुपारी तीनला लॉऱ्या बाहेर काढल्या होत्या आणि पाचला असा पाऊस आला की सगळं मीठ धुऊन गेलं. परत टाकावं लागलं. दुसऱ्या दिवशी मॅनेजरची मेल आली. भाषा सभ्य होती. सीझन अजून बराच बाकी आहे, साठा बघून निर्णय घेत जाऊ या, असं त्यात लिहिलं होतं. ती मेल मी पाच-सहा वेळा वाचली. रात्री नवऱ्यालाही वाचून दाखवली. तो म्हणाला, यात रागावण्यासारखं काय आहे. त्याला ते खरंच दिसलं नाही. मला मात्र त्यात दिसलं की मी नवी आहे, बाहेरची आहे, आणि मला अजून इथली हवा कळत नाही.

तो मंगळवार होता. नवरा मेडनहेडला. बाबा दर मंगळवारी एका कम्युनिटी सेंटरमधल्या लंच क्लबला जायचे. तिथे पंजाबी, गुजराती, बांगलादेशी म्हातारे जमायचे, जेवायचे, कॅरम खेळायचे. बाबांना हिंदी येत होती, तेवढी पुरायची. जाताना एक बस, येताना तीच बस. बस मोठ्या चढावरून येते आणि आमच्या घराजवळ उतरवते. ते साधारण चारच्या बसने परत यायचे.

सकाळपासून पाऊस पडत होता, बारीक आणि गार. साडेबाराला अंदाज आला. संध्याकाळी सहापर्यंत सरी, नंतर आकाश निरभ्र, आठच्या सुमारास रस्ते शून्यावर, पहाटे उणे तीन. म्हणजे मीठ टाकायचं हे नक्की. प्रश्न फक्त वेळेचा होता. तीनला टाकलं तर संध्याकाळच्या गर्दीआधी लॉऱ्या फिरून येतील, पण वर तीन तास पाऊस. सातला टाकलं तर पाऊस थांबलेला असेल, गर्दी ओसरलेली असेल, आणि शून्याला अजून तास बाकी असेल. कागदावर सात वाजता बरोबर होतं.

लॉऱ्या आणि मिठाचा साठा जिथे असतो त्या डेपोच्या सुपरवायझरला मी फोन केला. तो तिथे तीस वर्षं आहे, आधी लॉरी चालवायचा. मी त्याला सात सांगितलं. त्याने ते लिहून घेतलं. मग म्हणाला की तो आत्ताच डेपोच्या मोकळ्या यार्डात उभा होता, वारा फिरलाय, पश्चिमेला ढगांची कड दिसायला लागलीय. पाऊस सहापर्यंत टिकेल असं त्याला वाटत नव्हतं.

"मी असतो तर तीनला निघालो असतो," तो म्हणाला. "पण डिसिजन तुझा, लव्ह." इथले लोक कोणालाही लव्ह म्हणतात.

मी खिडकीतून बाहेर बघितलं. आमच्या ऑफिसच्या तिसऱ्या मजल्यावरून समोरच्या इमारतीची भिंत दिसते आणि तिच्या वर आकाशाची एक पट्टी. पट्टी करडी होती, पाऊस पडत होता. मेलमधलं ते वाक्य मला आठवलं. आठवलं म्हणजे काय, सकाळपासून ते डोक्यातच होतं. एक वाजून पन्नास मिनिटांनी मी फॉर्ममध्ये सात वाजता असं भरलं. ड्रायव्हरांना सहाला डेपोत हजर राहायचा मेसेज गेला.

चार वाजून दहा मिनिटांनी पाऊस थांबला.

सुरुवातीला मी स्वतःला समजावलं की ही दोन सरींमधली उघडीप असेल. साडेचारला मी पुन्हा खिडकीशी गेले. अंधार पडला होता, आणि त्या पट्टीत एक चांदणी होती. इथे ढग गेले की रस्ता पांघरूण ओढून घेतल्यासारखा उघडा पडतो, सगळी ऊब वर निघून जाते. मी स्क्रीनवर रस्त्यातल्या सेन्सरचे आकडे बघत बसले. मोठ्या चढावरचा सेन्सर दोन अंशांवर होता. दहा मिनिटांत दीड झाला. रस्ते पूर्ण ओले होते.

पावणेपाचला मी सुपरवायझरला फोन केला आणि लॉऱ्या आत्ताच्या आत्ता काढा म्हणून सांगितलं. त्याने वाद घातला नाही, मी म्हटलं होतं ना, असंही म्हणाला नाही. यार्डात तीन ड्रायव्हर होते, बाकीचे सहाला येणार होते. तिघांना तो लगेच पाठवतो म्हणाला, इतरांना फोन करतो म्हणाला. पण पाच वाजता शहरातला प्रत्येक रस्ता गाड्यांनी भरलेला असतो. मिठाची लॉरी त्याच रांगेत अडकते.

मग मला बाबांची आठवण झाली. त्याआधी झाली नव्हती, हे मी इथे कबूल करते. चारच्या बसने ते घरी पोचले असतील असं मी धरून चालले होते. घरी पोचले की ते मला मिस्ड कॉल देत. तो आलेला नव्हता. मी फोन लावला. रिंग वाजत राहिली, कोणी उचलला नाही. लंच क्लबला फोन केला. तिथल्या बाईंनी सांगितलं की कॅरमचा डाव लांबला, तुमचे वडील आत्ता पाचच्या बसला गेले.

त्या खोलीत माझ्याबरोबर एक सहकारी होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, ती ट्रॅफिकचे कॅमेरे बघते. पाच वाजून वीस मिनिटांनी ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "चढावर बस आडवी झालीय."

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. कॅमेरा चढाच्या पायथ्याशी असतो. चित्र करडं, थोडं थरथरणारं. चढाच्या मध्यावर बस तिरकी उभी होती, तिचं मागचं टोक फुटपाथला टेकलेलं, पिवळे दिवे लुकलुकत होते. आजूबाजूला माणसांचे काळे ठिपके. कोणी कठड्याला धरून उभं होतं, कोणी बसलेलं होतं. बसचा नंबर त्या चित्रात वाचता येत नव्हता. पण पाचच्या सुमाराला त्या चढावर येणारी बस एकच होती.

मी पुन्हा बाबांना फोन लावला. रिंग गेली, उचलला नाही. सहकारिणीने विचारलं, कोण आहे. मी म्हटलं, माझे वडील त्या बसमध्ये असतील. तिने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, तू जा, मी बघते. पण माझे निर्णय ती घेऊ शकत नव्हती आणि मी जाऊ शकत नव्हते. एव्हाना फोन सुरू झाले होते. पोलिसांचा, बस कंपनीचा, हॉस्पिटलच्या रस्त्यावरून एकाचा. प्रत्येकाला एकच विचारायचं होतं, लॉरी कधी येणार. गर्दीतून सरकणाऱ्या तीन लॉऱ्यांपैकी पहिली कुठे पाठवायची हे मला ठरवायचं होतं. हॉस्पिटलचा रस्ता यादीत पहिला होता, चढ दुसरा. मी पहिली लॉरी हॉस्पिटलला पाठवली. नियमाने तेच बरोबर होतं. 

नवऱ्याला मेसेज केला. तो ट्रेनमध्ये होता, अजून दोन तास लांब. त्याने लिहिलं, काही होणार नाही, बाबा सावध आहेत. मी फोन खाली ठेवला.

पाच चाळीसला सहकारी म्हणाली, "हा कोण आहे? आपला माणूस आहे का?"

स्क्रीनवर बसच्या खालच्या बाजूला, रस्त्याच्या मधोमध एक माणूस उभा होता. लहानसर चणीचा, अंगात फक्त स्वेटर. कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीचं झाकण उघडं होतं. त्याच्या हातात फावडं होतं. तो पेटीपर्यंत जाई, फावडं भरे, छोट्या पावलांनी परत येई, आणि कमरेतून वळून ते मीठ हवेत असं फेके की ते पंख्यासारखं पसरून खाली पडे. एका जागी ढीग होत नव्हता. दुसरा एक माणूस त्याचं बघून हातांनी मीठ टाकत होता, त्याचं मात्र नुसतं सांडत होतं.

तशी गिट्टी फेकलेली मी लहानपणी बघितली आहे. आई डबा घेऊन जायची, मी तिच्याबरोबर असायचे, आणि आम्ही झाडाखाली थांबून बघायचो.

"ते माझे वडील आहेत," मी म्हटलं.

ते सुखरूप आहेत म्हणून जो सुटकेचा श्वास यायला हवा होता तो आला नाही. कारण ते बसच्या खालच्या बाजूला उभे होते. ती बस नुसती फुटपाथच्या कडेला टेकून थांबली होती. ती आणखी घसरली असती तर सरळ त्यांच्यावर आली असती. तेवढ्यात चढाच्या वरच्या टोकाकडून एक पांढरी गाडी आली. ड्रायव्हरने ब्रेक लावला असावा, कारण ती आडवी झाली आणि हळूहळू, अगदी सावकाश, खाली येऊ लागली. आवाज नसलेलं ते चित्र मी बघत होते. गाडी बसच्या पुढच्या भागाला जाऊन लागली. बस हलली. किती, ते सांगता येणार नाही, पण हलली. बाबा फावडं घेऊन वाकलेले होते, त्यांनी मान वर करून बघितलं आणि दोन पावलं बाजूला झाले. मग पुन्हा फावडं भरलं.

मी बस कंपनीच्या कंट्रोलला फोन करून ओरडून सांगितलं, ड्रायव्हरला सांगा बसच्या खालच्या अंगाला उभ्या त्या म्हाताऱ्या माणसाला बाजूला घ्या. पलीकडच्या बाईने शांतपणे विचारलं, कुठला माणूस. मी म्हटलं, फावड्यावाला. दोन-तीन मिनिटांनी ड्रायव्हर येऊन बाबांशी काहीतरी बोलताना दिसला. बाबा फुटपाथवर गेले. आणि तिथे, फुटपाथवर, फेकायला लागले. लोक त्यांच्या मागून एकेक पाऊल टाकत खाली उतरू लागले.

सहा वाजून पाच मिनिटांनी दुसरी लॉरी चढाशी पोचली. अशा चढावर आमचे ड्रायव्हर लॉरी उलटी नेतात. मीठ मागून पडतं, म्हणून मागच्या अंगाने वर चढायचं, म्हणजे चाकं नेहमी मीठ पडलेल्या रस्त्यावरच राहतात. ती लॉरी रिव्हर्समध्ये, इंच इंच वर जाताना मी बघितली. सहा वीसला एका अनोळखी नंबरवरून फोन आला. बस ड्रायव्हरचा होता, पण बोलले बाबा. माझा नंबर त्यांनी बसच्या कार्डामागे लिहून ठेवला होता.

"मी बरा आहे," ते म्हणाले. "तू तुझं काम कर. मी पायी जातो घरी, आता रस्ता चांगला आहे."

"तुमचा फोन कुठे आहे? जाकीट कुठे आहे?"

"ते एका बाईजवळ आहे. तिचा हात मोडला. अँब्युलन्समध्ये गेलं तिच्याबरोबर."

बाकीची हकिगत दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना कळली. बस घसरली तेव्हा सगळे घाबरून खाली उतरले. पन्नाशीची एक बाई पहिलीच उतरली आणि पहिल्याच पावलाला पडली. बाबांनी तिला बसच्या पायरीवर बसवलं, आपल्या मफलरने तिचा हात गळ्यात बांधला आणि जाकीट तिच्या अंगावर टाकलं. फोन जाकिटाच्या खिशात होता. मग त्यांना पिवळी पेटी दिसली. त्यात फावडं होतं.

माझं जे झालं होतं तेही मी त्यांना सगळं सांगितलं. तीन आणि सात, सुपरवायझर काय म्हणाला, आदल्या आठवड्यातलं वाहून गेलेलं मीठ, मॅनेजरची मेल. ते ऐकत राहिले.

"तू बाहेर जाऊन पाह्यलं का रस्ता? सात लिहाच्या आधी?"

"नाही. खिडकीतून बघितलं."

"तुले पाण्याचं भेव होतं का त्या चिठ्ठीचं?"

मी म्हटलं, दोन्हीचं. ते म्हणाले, "आधी कशाचं?" आणि उठले. कप उचलून बेसिनमध्ये ठेवायला गेले.

त्या दिवशी दुपारी, दोनचा फॉर्म भरून झाल्यावर, मी दोन तासांची सुट्टी घेतली आणि बाबांना घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. जाकीट आणायचं होतं. बाबांच्या फोनवर मी फोन करत राहिले होते, शेवटी एका नर्सने उचलून वॉर्ड सांगितला होता.

ती बाई पलंगावर टेकून बसली होती. मनगटाची दोन्ही हाडं मोडली होती, संध्याकाळी ऑपरेशन करून धातूची पट्टी बसवणार होते. बाबांना बघून ती हसली, डाव्या हाताने त्यांचा हात धरला आणि मला म्हणाली की हा तुझा बाप फार चांगला माणूस आहे. ती केअरर होती, म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन त्यांना जेवू घालायची, झोपवायची. काल ती एका नव्वदीच्या आजोबांकडे चालली होती. तिला स्वतःच्या हातापेक्षा त्यांची काळजी जास्त दिसत होती. काल त्यांच्याकडे कोण गेलं, गेलं की नाही, हे तिला अजून कोणी सांगितलं नव्हतं. मग ती म्हणाली की कौन्सिलला त्या चढाचं काही पडलेलं नाही, दरवर्षी असंच होतं.

मी जाकीट हातात घेऊन उभी होते. मला फक्त थँक यू म्हणून निघायचं होतं. बाबांना तिच्या बोलण्यातलं कौन्सिल एवढंच कळलं असावं.

"तिले सांगतलं का तू?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

"बाबा, आत्ता नको."

"मंग कधी?"

तिने विचारलं, काय म्हणतायत. मी तिला सांगितलं. की कौन्सिलमध्ये हे ठरवणारी मीच आहे, काल मीठ सातला टाकायचं मी ठरवलं, तीनला टाका असं एक जण म्हणाला होता. माझं इंग्रजी अशा वेळी अडखळतं. मी जे बोलले ते फार लांबलं असणार, कारण तिच्या चेहऱ्यावरचं हसू मध्येच कुठेतरी गेलेलं मला दिसलं.

ती म्हणाली, "तुला माहीत होतं का, बर्फ होणार ते?"

"आठ वाजता होईल असं वाटलं होतं."

ती खिडकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझे ते नव्वदीचे आजोबा काल रात्री उपाशी झोपले असतील."  बाबांनी तिच्या पांघरुणाची कड सारखी केली आणि आम्ही निघालो.

तिने तक्रार केली. तिचा हक्कच होता. चौकशी झाली, माझा फॉर्म, अंदाज, सेन्सरचे आकडे सगळं मागवलं गेलं. मॅनेजर मला म्हणाला, काळजी करू नकोस, कागद स्वच्छ आहे. आणि तो होताच. अंदाज सहापर्यंत पावसाचा होता, निर्णय धोरणाप्रमाणे होता, आकाश उघडल्यावर पस्तीस मिनिटांत मी लॉऱ्या काढल्या होत्या. तिला जे उत्तर पाठवायचं त्याचा मसुदा मलाच लिहायला सांगितला. त्यात मी एका ठिकाणी सॉरी असं लिहिलं होतं. मसुदा तपासून परत आला तेव्हा तो शब्द काढलेला होता, आणि तक्रारदाराशी मी यापुढे संपर्क ठेवू नये, असं वेगळं सांगण्यात आलं.

नियम मात्र बदलला. ओल्या रस्त्यावर आकाश उघडण्याची शक्यता असेल तर बसच्या चढांवर दोनदा टाकायचं, एकदा गर्दीच्या आधी आणि एकदा नंतर, पहिलं वाहून गेलं तरी चालेल. हे सुपरवायझरने मीटिंगमध्ये मांडलं. मॅनेजरने मान्य केलं. मी त्यानंतर ड्यूटीच्या दिवशी साडेबाराला ऑफिसातून खाली उतरून यार्डापर्यंत चालत जाते, दहा मिनिटं लागतात, आणि सुपरवायझरच्या शेजारी उभी राहून पश्चिमेकडे बघते. आमचं फार बोलणं होत नाही. हवामानाचं पान उघडणं त्याने कमी झालेलं नाही. उलट आता अकराऐवजी नऊलाच सुरू होतं.

बाबा मार्चच्या शेवटी परत गेले. जायच्या आठवड्यात मला कळलं की ते त्या बाईकडे दोनदा जाऊन आले होते. पत्ता तिनेच दवाखान्यात कागदावर लिहून दिला होता, कधीतरी या म्हणून, मी बोलायच्या आधी. मंगळवारी लंच क्लबमधून निघाले की दोन स्टॉप आधी उतरायचे. पहिल्या वेळी डब्यात शेवया नेल्या होत्या. मी म्हटलं, बाबा, मला तिच्याशी संपर्क ठेवायला मनाई आहे. ते म्हणाले, "तुले आहे. मी थोडीच तुझ्या कौन्सिलमध्ये आहो."

तिचं मनगट पूर्ण वळत नव्हतं. माणसं उचलायचं काम आता जमणार नाही म्हणून एजन्सीने तिला ऑफिसमध्ये बसवलं होतं, कोण कोणाच्या घरी जाणार हे ठरवायला. हे सगळं बाबांनी हातवाऱ्यांनी आणि चार इंग्रजी शब्दांनी कसं समजून घेतलं ते मला ठाऊक नाही. त्या आजोबांचं विचारलं का, असं मी म्हटलं. विचारलं होतं. त्या संध्याकाळी शेजारणीने त्यांना सूप दिलं होतं, ते ठीक होते.

"तिने तुझं विचारलं," बाबा म्हणाले. ते बॅगेत कपड्यांच्या घड्या लावत होते. "अजून तेच काम करते का म्हणे तुमची पोरगी. मी म्हटलं येस."

"मग? ती काय म्हणाली?"

"काही नाही. चहा दिला."

बाहेर गारठा होता. बाबांच्या आवराआवरीसाठी मी सकाळपुरती घरी होते, पण त्या आठवड्यात ड्यूटी माझीच होती, आणि साडेबारापर्यंत पोचायचं होतं. मी पायात बूट चढवले आणि यार्डाकडे जायला निघाले.